पानातली डावी बाजू

सहकारनगरमधल्या एका काकूंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"आमच्या ह्यांना (वय ६८) पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली होती, त्यामुळे डावा हात-पाय गेला. घरी आल्यावर दोन महिने फिजिओथेरपीच्या मॅडम रोज यायच्या. हे उठायला, काठी धरून चालायला लागले. मग खर्च झेपेना, म्हणून मॅडमना थांबवलं. आता मीच सकाळ-संध्याकाळ घरातल्या घरात दहा-दहा फेऱ्या मारायला लावते. उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून चालतात. पण तोल नाही. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून धास्ती घेतली आहे, दिवसभर सोफ्यावरून उठत नाहीत. आग्रह केला की चिडतात, नाहीतर रडतात. उभ्या जन्मात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. शेजाऱ्यांनी दाराला दोरी आणि कप्पी बांधून दिली आहे, तिनं हात वर-खाली करतात, पण खांदा फार दुखतो. दीर म्हणतात, सहा महिन्यांत आलं तेवढं आलं, पुढे काही होत नसतं. जेवणातला रसही गेलाय, चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत. हे तीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढायचे. पुन्हा चढतील का? घरी कोणते व्यायाम करून घेऊ?"

काकू, पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी कोशिंबिरीच्या वाक्यापाशी थांबले. काका भाजी खातात का? आमटी-भात? खात असतील, तर रस गेलेला नाही. आपण पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतो आणि भाजी उजवीकडे. आज रात्री त्यांचं अर्धं जेवण झालं की काही न बोलता ताट अर्धं फिरवा. डावीकडची कोशिंबीर उजवीकडे आली आणि त्यांनी ती खाल्ली, तर समजा की ती त्यांना नकोशी नव्हती. ती तिथे आहे हेच त्यांना कळत नव्हतं.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की पुष्कळ जणांना हे होतं. आम्ही त्याला निग्लेक्ट म्हणतो. डोळे पाहतात, पण मेंदू डावी बाजू हिशेबातच धरत नाही. असे रुग्ण दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात, डाव्या गालाची दाढी करायची राहते, पेपर वाचताना ओळ मधूनच सुरू करतात. आपल्याकडून काही राहतंय याचा त्यांना पत्ताही नसतो, म्हणून ते तक्रार करत नाहीत आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही. कधी कधी नजरेची डावी अर्धी बाजूच गेलेली असते, ते वेगळं दुखणं. दोन्हींतला फरक घरी ठरवता येत नाही. तेव्हा पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना कोशिंबिरीची गोष्ट आवर्जून सांगा आणि नजरेचं क्षेत्र तपासायचं का, ते विचारा.

व्यायाम विचारलेत आणि मी जेवणाविषयी बोलत बसले आहे, त्याला कारण आहे. जो मेंदू डावीकडची वाटी मोजत नाही, तो डावा पाय तरी का मोजेल? काका चालतात ते बहुतेक एका पायावर. शरीराचा भार उजव्या पायावर आणि काठीवर, डावा पाय नुसता ओढल्यासारखा पुढे येतो. अशा चालण्याच्या दहा फेऱ्या रोज घातल्या की उजवा पाय तयार होतो आणि डावा विसरायची सवय पक्की होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही फेऱ्या मोजत असे. वॉर्डच्या व्हरांड्यात आज आठ, उद्या दहा, नातेवाईक खूश, मीही खूश. पाय कसा पडतोय हे पाहायला मी उशिरा शिकले, आणि त्या उशिरानं काही रुग्णांचे महत्त्वाचे आठवडे गेले. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, काही आठवडे फेऱ्यांचा आकडा बाजूला ठेवा. डाव्या पायावर भार येतो का, एवढंच बघा.

आधी तुमची जागा बदलू. काकांचा उजवा हात तुमच्या खांद्यावर असतो, म्हणजे तुम्ही त्यांच्या उजवीकडे चालता. चांगल्या बाजूला भक्कम खांदा मिळाल्यावर ते सगळं अंग तिकडेच टाकणार. तुम्ही डावीकडे, किंचित मागे उभं राहायचं. काठी त्यांच्या उजव्या हातात. त्यांच्या कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधा आणि तोल गेला तर तो पट्टा धरा. डावा हात किंवा डावी काख धरून ओढायचं नाही, कधीच नाही. लुळ्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले झालेले असतात, हाताच्या वजनानंच सांधा खाली सरकू पाहतो, त्यात ओढाताण झाली की दुखणं कायमचं बसतं. ती दोरी-कप्पी तर आजच सोडवा. शेजाऱ्यांनी प्रेमानं बांधली असेल, पण अर्धांगवायूच्या खांद्याला डोक्यावरून ओढणारी कप्पी अपाय करते आणि जगभरातले उपचारतज्ज्ञ ती टाळायलाच सांगतात. खांदा दुखतो आहे तो बहुधा तिच्यामुळेच. बसताना डाव्या हाताखाली उशी ठेवा, हात लोंबकळू देऊ नका. शेकायचं असेल तर जपून, त्या बाजूला चटका कळत नाही. तेलाचं मालिश हलक्या हातानं करा, त्यांना बरं वाटेल. त्यानं पायात ताकद मात्र येत नाही.

आता व्यायाम. मला एकच सांगायची मुभा असती तर मी म्हटलं असतं, खुर्चीवरून उठणं आणि बसणं. यात सगळं आलं: मांडीची ताकद, पुढे झुकण्याची हिंमत, दोन्ही पायांवर भार आणि बसताना स्वतःला सावरणं. सोफा यासाठी अगदी वाईट, खोल आणि मऊ. जेवणाच्या टेबलाची हाताची खुर्ची घ्या, गुडघ्याएवढ्या उंचीची. जड जात असेल तर वर सतरंजीची घडी ठेवून उंच करा, दर आठवड्याला एक घडी कमी करा. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली आणि समोर टेबल किंवा स्वयंपाकाचा ओटा असू द्या. काकांना खुर्चीच्या कडेशी यायला सांगा. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, आणि त्यातही डावं पाऊल उजव्यापेक्षा चार बोटं मागे. ही चार बोटं महत्त्वाची आहेत, कारण मागच्या पावलावर भार आपोआप येतो. दोन्ही हात एकमेकांत गुंफून पुढे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत झुकायचं, मग उठायचं. उभं राहून दोन श्वास. बसताना धपकन नाही, सावकाश.

सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन आठवड्यांत दिवसाला तीस-चाळीसपर्यंत जाता येतं. हा आकडा थकवणारा वाटेल, पण मेंदू नव्या वाटा पाडतो त्या पुन्हा पुन्हा केल्यानंच, आणि केलेल्या कामाच्याच. पडल्या पडल्या पाय हलवून उठणं सुधारत नाही, उठून उठून उठणं सुधारतं. मात्र उठवायला हात देऊ नका. तुम्ही ओढलंत की तेवढं काम तुमच्या दंडानं केलं. त्यांना अर्धा मिनिट लागला तर लागू द्या. हे पाहात उभं राहणं बायकोला किती जड जातं, ते मी घराघरांत पाहिलं आहे.

डाव्या पायावर किती भार येतो हे त्यांना जाणवणार नाही, म्हणून दाखवावं लागतं. घरात वजनकाटा असेल तर तो रबरी मॅटवर, न घसरेल असा ठेवा. शेजारी तेवढ्याच उंचीची फळी. ओट्यासमोर, मागे खुर्ची ठेवून, डावा पाय काट्यावर आणि उजवा फळीवर. काकांचं वजन सत्तर किलो असेल तर काट्यावर पस्तीसच्या आसपास दिसायला हवं. पहिल्या दिवशी वीसच दिसलं तर घाबरू नका. वाकून बघण्यात तोल जाईल, म्हणून आकडा तुम्ही मोठ्यानं वाचा आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवा. अंगाचं कळत नाही ते आकड्यातून कळतं, आणि हिशेबी माणसाला आकडा वाढवायची ईर्ष्या येते.

ओटा ही पुण्यातल्या कुठल्याही घरात असलेली उत्तम व्यायामशाळा आहे. कमरेएवढा उंच, हलत नाही, धरायला कडा आहे. तिथे उभं राहून आधी भार डावीकडे-उजवीकडे. मग घरातला पाट काढा, चौरंग नको, तो उंच होतो. पाट ओट्यालगत घट्ट ठेवा आणि उजवा पाय, हो, चांगला पाय, पाटावर ठेवायचा आणि परत खाली. चांगला पाय उचलला की तेवढा वेळ डाव्याला एकट्यानं उभं राहावंच लागतं. गुडघा एकदम मागे ताठ होतो का किंवा दुमडतो का, ते बघा. तसं होत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. आठ-दहा वेळा जमू लागलं की ओट्याची कड धरून आडवं चालणं, खेकड्यासारखं, दोन्ही दिशांना. त्यानंतर एक हात सोडून, मग दोन्ही. प्रत्येक वेळी मागे खुर्ची आणि डावीकडे तुम्ही. एकटे असताना उभं राहायचे व्यायाम नकोत.

बसल्या जागी करायचं एक काम आवडेल त्यांना. पलंगाच्या कडेला दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसवा, डावीकडे हातभर अंतरावर मटारच्या शेंगांची परात ठेवा, उजवीकडे पातेलं. उजव्या हातानं डावीकडून शेंग उचलायची, जमेल तशी सोलायची. वाकताना भार डाव्या कुल्ल्यावर येतो, मान वळते, नजर तिकडे जाते. तुम्हीही त्यांच्या डावीकडे बसून गप्पा मारा. पाण्याचा तांब्या, चष्मा, रिमोट डावीकडे. अगदी रोज लागणारी औषधं आणि फोन मात्र आत्ताच तिकडे नेऊ नका, चिडतील. दाराच्या डाव्या चौकटीला लाल चिकटपट्टी लावा आणि दारातून जाताना "डावीकडे बघा" म्हणायची सवय ठेवा. पान मात्र नेहमीसारखंच वाढा. ताट फिरवायचं ते फक्त आजच्या परीक्षेपुरतं. उद्यापासून डाव्या कडेला एक रंगीत रुमाल ठेवा आणि जेवायच्या आधी तो शोधायला सांगा.

बाथरूमविषयी थोडक्यात, कारण इथे तडजोड नाही. भिंतीत स्क्रूनं बसवलेला लोखंडी दांडा हवा, चिकटवायचा नको. टॉवेलची दांडी आणि नळ हे आधार नव्हेत. आंघोळ खुर्चीवर बसून. ओली फरशी पुसल्याशिवाय पाऊल नाही, दारातलं पायपुसणं काढून टाका. साधी चप्पल पायातून सुटते, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. रात्री वाटेत बारीक दिवा.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते, सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो. वेग मंदावणं म्हणजे दार बंद होणं नव्हे. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०११) काहींना झटक्यानंतर दोन महिन्यांनी यंत्रावर चालण्याचं शिक्षण दिलं, काहींना सहा महिन्यांनी, आणि काहींना फिजिओथेरपिस्टनं घरी येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. झटक्याला वर्ष झालं तेव्हा तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता आणि एकूण निम्म्याहून थोड्या अधिक लोकांची चालण्याची पातळी वर गेली होती. उशिरा सुरू करणारेही सुधारले आणि महागडं यंत्र घरच्या व्यायामाहून सरस ठरलं नाही. हे दिरांना वाचून दाखवा.

पण काकू, दुसरीही बाजू सांगायला हवी. आपल्याच देशात १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले, आणि सहा महिन्यांनी त्या रुग्णांची स्थिती नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांपेक्षा चांगली निघाली नाही. यात घरच्यांचा दोष नाही. कोणता व्यायाम कधी अवघड करायचा, कुठे थांबायचं, हे पाहणारी नजर शिकलेली लागते. तुम्ही बायको आहात, सगळा भार तुमच्यावर घेऊ नका. मॅडमना रोज बोलवायची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा बोलवा आणि स्पष्ट सांगा, "आता काय येतंय ते तपासा आणि पुढच्या पंधरा दिवसांचं मला शिकवा." वर लिहिलेलं सगळं पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करा. पाऊल पुढे टाकताना बोटं जमिनीला अडकत असतील तर पायाला स्प्लिंट (पाऊल धरून ठेवणारा आधार) लागेल का, तेही त्याच सांगतील. तेवढंही परवडत नसेल तर ससूनच्या फिजिओथेरपी विभागात जा. संचेतीसारख्या फिजिओथेरपी कॉलेजातही शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. नव्या माणसाला बोलावणार असाल तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. लकवा हमखास बरा करतो म्हणणारे पुष्कळ भेटतील.

त्यांचं रडणं. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. ते मेंदूच्या इजेतूनही येतं, नुसतं परिस्थितीमुळे नाही. काहींना तर मनात फारसं दुःख नसताना रडू कोसळतं आणि आवरत नाही. दोन्हींवर औषधं आहेत. "मन खंबीर करा" असं त्यांना सांगू नका, डॉक्टरांना सांगा. यावर उपचार झाले नाहीत तर वरच्या व्यायामातलं काहीच टिकणार नाही. थकवाही खरा असतो, आळस नव्हे. चहानंतर पंधरा मिनिटं, दुपारची झोप झाल्यावर पंधरा, संध्याकाळी पंधरा, बस. जेवणानंतर लगेच नको.

रक्तदाब किती असला तर व्यायाम नाही, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. छातीत दुखलं, गरगरलं, धाप लागली तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय नव्यानं गळाला तर मालिश करत, लिंबूपाणी देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि काका शेवटचे ठीक कधी दिसले होते ती वेळ लिहा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्त पातळ करणारी आणि रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही.

राहिली पर्वती. शब्द देता येणार नाही, आणि उगाच धीर देण्यासाठी तो देणारही नाही. पण तिथे जाण्याची वाट मला दिसते. खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीवर पट्टी लावा. उठून, तिथपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते आठवड्यातून एकदा मोबाइलवर मोजा. शर्यत नाही, नेहमीच्या चालीनं, आणि तुम्ही डावीकडे. वळताना तोल राहिला आणि सेकंद उतरत गेले की सोसायटीचा जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. कठडा एकाच बाजूला असेल तर चढताना उजव्या हाताला येणारा कठडा उतरताना डाव्या बाजूला जातो, त्यामुळे उतरणं चढण्यापेक्षा अवघड होतं. दुसऱ्या बाजूलाही दांडा बसवण्यासाठी सोसायटीला अर्ज द्या, इतर ज्येष्ठांनाही होईल. मग सारसबागेतली सपाट वाट, सकाळी गर्दी व्हायच्या आत. अशी काठी घेऊन अर्धा तास चाल झाली, जिन्याचा एक मजला चढून-उतरून झाला आणि मॅडमनी हो म्हटलं, की एका पहाटे पर्वतीच्या पायथ्याशी जा.

पायऱ्या १०३ आहेत हे काकांना माझ्याहून चांगलं माहीत असेल. त्या रुंद आहेत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून थांबता येतं. पहिल्या दिवशी पाच पायऱ्या, आणि उतरायची ताकद पायात शिल्लक असतानाच माघारी. त्या पाच पायऱ्यांवरही तुम्ही डावीकडे.